कुंपण क्रमांक सतरा

हौशी रेडिओवाल्यांना मी वीस वर्षं एकच गोष्ट पटवत आलो, की कान हे ऐकायचं फार जुनं साधन आहे. कान थकतो, त्याला वय होतं, आणि ज्याला जे ऐकायचं असतं तेवढंच त्याचा कान ऐकतो. यंत्राचं तसं नसतं, असं मी म्हणायचो आणि टाळ्या घ्यायचो. आता ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

मी प्रसन्न उपळेकर. साताऱ्याच्या तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालो. आमचा रेडिओ क्लब सत्तावीस जणांचा. आमच्यासारख्यांना हॅम म्हणतात. स्वतःचा ट्रान्समीटर, परवान्यावरचं सांकेतिक नाव, गच्चीवर ताणलेली एक तार आणि घरच्यांची बोलणी, एवढं भांडवल जमलं की माणूस हॅम होतो. मग मोबाइलचे टॉवर आडवे झाले तरी त्याचं जगाशी बोलणं चालू राहतं.

हे बोलणं तीन तऱ्हांनी होतं. तोंडानं, किल्ली दाबून मोर्सच्या टिंब-रेघांत, नाहीतर संगणकाकरवी, म्हणजे डिजिटल. आणि भांडण नेमकं इथंच आहे, कारण जागा सगळ्यांना मिळून एकच. सात मेगाहर्ट्झचा आमचा पट्टा म्हणजे गावातली अरुंद पाणंद. पायी जाणाऱ्यालाही तीच आणि मोटारीलाही तीच. मोटारवाल्याला वाटतं, हे चालणारे मध्ये कशाला? चालणाऱ्याला वाटतं, आम्ही आधीपासून इथं आहोत.

२०३५ च्या सुमारास तर या पट्ट्याची पार वाट लागली. छपराछपरावर सोलर, दारोदार गाडीचे चार्जर, आणि त्या प्रत्येकातून गळणारी बारीक खरखर. हेडफोन कानाला लावला की नुसती कढईत काहीतरी तळत असल्यासारखी चरचर. माणसाचा आवाज त्यात बुडून जायचा. नवी मुलं यायची, दोन दिवस ऐकायची आणि परत फिरकायची नाहीत.

तेव्हा मी 'चाळण' लिहिली.

तिचं काम समजायला अवघड नाही. क्लबच्या प्रत्येकाच्या घरचा रेडिओ सगळा पट्टा एकाच वेळी ऐकतो आणि जे ऐकू येईल ते चाळणीकडे पाठवतो. कुठला चार्जर कसा कुरकुरतो, कुठली मोटर कशी घरघरते, हे चाळण हळूहळू शिकते आणि तांदळातले खडे काढावेत तसा तो गोंगाट काढून टाकते. उरलेल्यांत कोण कुणाशी बोलतंय हे ओळखून ती प्रत्येकाला पट्ट्याची बारीकशी पट्टी आणि काही सेकंद वाटून देते. ज्या जागेत पूर्वी दहा जण एकमेकांवर ओरडायचे, तिथं चारशे जण सुखानं बोलू लागले. मुलं परत आली. बल्बपेक्षाही कमी विजेवर आमच्या कोरेगावच्या एका पोरीनं चिली गाठलं. हे सगळं खरं आहे आणि त्याचा अभिमान मला आजही आहे.

प्रश्न उरला तो मोर्सवाल्यांचा. पट्ट्याच्या तळाशी त्यांच्यासाठी पूर्वापार राखलेली जागा होती, आणि ती चाळणीला हवी होती.

मोर्सवाले म्हणजे खरं तर विमल धुमाळ बाई. बाकीचे तोंडी लावण्यापुरते. बाई कराडच्या तार ऑफिसात होत्या. लग्न केलं नाही, तार ऑफिस बंद झालं तरी किल्ली सोडली नाही. बाविसाव्या वर्षी परवान्याच्या परीक्षेसाठी मी त्यांच्याकडेच मोर्स शिकलो. दर रविवारी साताऱ्याहून एसटीनं जायचो. पहिल्याच दिवशी मी काहीही न समजता मान डोलावत होतो. बाईंनी किल्ली थांबवली.

"समजलं?"

"हो बाई."

"काय समजलं, ते सांग."

मी वहीत पाहू लागलो. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "समजलं नाही तर तीन अक्षरं पाठवायची. क्यू, आर, एस. म्हणजे हळू पाठवा. समोरचा जगातल्या कुठल्याही देशातला असू दे, तो हळू पाठवतो. मागणाऱ्याला त्यात कमीपणा नाही. न समजता मान डोलावणारा मात्र माझ्याकडे शिकायचा नाही."

ही बाई एक्याऐंशीव्या वर्षी क्लबच्या सभेत काठी टेकत आली आणि माझ्या आकडेवारीसमोर उभी राहिली. मी पडद्यावर दाखवलं होतं, की मोर्सच्या राखीव जागेत दिवसाकाठी जेमतेम पाच हाका पडतात.

"प्रसन्ना, बोलायच्या आधी ऐकायचं, हा आपला पहिला नियम," बाई म्हणाल्या. "जागा मोकळी आहे का, हे विचारल्याशिवाय आपण किल्लीला हात लावत नाही. तुझं यंत्र ऐकत नाही, ते निवडतं. उद्या त्यानं मला खडा समजून फेकलं तर?"

सभेत हशा पिकला. मीही हसलो. मग उठून जाहीरपणे म्हणालो, "बाई, हातानं पाठवलेला मोर्स चाळण कधीही टाकणार नाही. तुमची हाक आली की माझ्या घरी घंटा वाजेल. मी शब्द देतो."

बाईंनी काठी खुर्चीला टेकवली. "शब्द देतोस? मग माझं मत तुला."

मोर्सच्या जागेवरही चाळण लावायचा ठराव चौदा विरुद्ध तेरा असा मंजूर झाला. चौदावा हात बाईंचा होता.

शब्द मी पाळला, निदान सुरुवातीला. देवघरातली एक जुनी घंटा काढून रेडिओच्या टेबलावर बसवली. चाळणीला मोर्सचे हजारो नमुने ऐकवले. एखादा आवाज माणसाच्या हातचा असल्याची तिला साठ टक्के खात्री झाली, की ठोका पडायचा. रोज सकाळी साडेसातला घंटा वाजायची, मी चहाचा कप घेऊन बसायचो, बाई पाठवायच्या आणि पडद्यावर त्यांची वाक्यं रोमन अक्षरांत उमटायची. मी टाइप करायचो, चाळण त्याचा मोर्स करायची. कानानं मोर्स वाचणं मी कधी सोडलं ते मला कळलंही नाही.

मग कुंपणं आली.

रानडुकरं आणि गवे पिकात घुसतात म्हणून कोयना खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी झटका मशीन बसवली. बॅटरीवरचं यंत्र, तारेतून सेकंदाला एक हलका झटका. त्यातल्या स्वस्त यंत्रांतून नेमकी आमच्या पट्ट्यात एक बारीक शिट्टी गळायची आणि झटक्यागणिक तुटायची. तारेला ओलं गवत लागलं की ती वेडीवाकडी तुटायची, कधी आखूड, कधी लांब. चाळणीला वाटायचं, कुणीतरी मोर्स पाठवतंय. घंटा दिवसातून तीस-तीस वेळा वाजू लागली.

"अहो, एक तर ती घंटा इथं ठेवा नाहीतर मला," माझी बायको नीलिमा म्हणाली.

क्लबमध्येही ओरड झाली. तेव्हा मी एक आकडा बदलला. साठाचे पंच्याऐंशी केले. पंच्याऐंशी टक्के खात्री असेल तरच घंटा. घर शांत झालं. बाईंचा हात इतका सुबक होता, की त्यांची हाक नेहमी अठ्ठ्याण्णवच्या वर असायची, त्यामुळे त्यांना सांगायची गरज मला वाटली नाही. सभेत दिलेला शब्द मी घरी बसून, चहा पिता पिता, एका आकड्यानं मोडला होता.

घंटा थांबली तरी पट्ट्यात शिट्ट्या होत्याच, त्या कुंपणांचा बंदोबस्त आम्ही रविवारी करायचो. चाळण प्रत्येकाला क्रमांक देई आणि अंदाजे ठिकाण सांगे. आम्ही हातात दिशा दाखवणारा अँटेना घेऊन जायचो आणि आवाज कुठून येतो ते शोधायचो. याला आम्ही कोल्ह्याची शिकार म्हणतो. शेतकरी सापडला की त्याच्या यंत्राच्या तारेवर शिट्टी अडवणारं एक लोहचुंबकी कडं बसवून द्यायचं आणि ताक पिऊन परतायचं. अशी सोळा कुंपणं आम्ही गप्प केली.

त्या वर्षी जानेवारीच्या मध्यापासून बाईंची घंटा वाजेनाशी झाली. मी एकदा फोन लावला, तो बंद लागला. वाटलं, थंडीचं कुठं नातेवाइकांकडे गेल्या असतील. खरं सांगायचं तर मला काळजी वाटलीच नाही. घंटा वाजली नाही, म्हणजे बाईंनी हाक मारली नाही. त्यांना काही लागलं तर त्या हाक मारतीलच. माझ्याच यंत्राच्या गप्प बसण्यावर मी इतका विसंबून होतो. वर फेब्रुवारीच्या सभेत मी सांगितलंसुद्धा, "महिनाभरात मोर्सची एकही हाक नाही. ती जागा आता बाकीच्यांसाठी मोकळी करावी."

त्याच सभेत आमचे सेक्रेटरी रफिक इनामदार म्हणाले, "उपळेकर, ते सतरा नंबरचं कुंपण बघा बुवा एकदा. पाटणच्या वर कुठंतरी आहे. रोज सकाळी साडेसातला चालू होतं. पोरांना त्रास होतो."

"साडेसातलाच?" मी विचारलं.

"शेतकरी तेव्हा बॅटरी बदलत असेल."

मला ते पटलं. अजूनही झोपायच्या आधी मला हे आठवतं. मी ते ऐकलं आणि मला पटलं.

शनिवारी सकाळी पाटणच्या रस्त्यावर गाडी उभी करून मी अँटेना फिरवला. साडेसातला शिट्टी सुरू झाली. तुटक, थरथरती, मध्येच अडखळणारी. मी नकाशावर रेघ मारली. रविवारी नदीच्या पलीकडून दुसरी रेघ मारली. दोन रेघा एका चढावरच्या वाडीपाशी छेदत होत्या. सोमवारी खिशात कडं घेऊन वाडीच्या खालीच थांबलो, पण साडेसात वाजून गेले तरी कुंपण गप्प. परत फिरणार होतो. मग म्हटलं, आलोच आहे तर त्या बाबाला चार गोष्टी सांगून जाऊ.

वाडीतल्या शेवटच्या घरासमोर काटेसावरीचं झाड होतं. त्याच्या शेंड्यापासून घराच्या आढ्यापर्यंत एक तांब्याची तार ताणलेली होती. अँटेना. एवढी नीट ताणलेली तार शेतकऱ्याची नसते.

अंगणातली एक बाई हातातलं सूप ठेवून पुढं आली. ही सुजाता, धुमाळ बाईंची भाचेसून, हे मला मागाहून कळलं.

"कोन पायजे?"

"मी साताऱ्याहून आलोय. उपळेकर. ते रेडिओ..."

"परसन्न सर?" तिचा चेहरा उजळला. "अवो या की! शेवटी तुमचं तोंड दिसलं म्हनायचं! मावशी रोज तुमच्यासंगंच तर बोलत्यात. साडेसात झालं की चासुदिक घेत न्हाईत आदी."

माझा हात खिशातल्या कड्यावर गेला.

तिनंच सांगितलं. संक्रांतीला बाईंना पक्षाघात झाला. उजवा हात गेला आणि जीभ लुळी पडली. डोकं मात्र स्वच्छ होतं, सगळं कळायचं. भाच्यानं कराडहून इकडं आणलं, तर खुणा करून करून त्यांनी आधी रेडिओ मागवला, झाडावर तार चढवून घेतली. डाव्या हातानं किल्ली धरली.

"मी म्हनलं, मावशी, सरांना फोन लावू का? तर मान हलवायच्या आनि त्या यंत्राकडं बोट दाखवायच्या. म्हंजी बोलनं चालूच हाय की. मग मीबी लावला न्हाई. तुमाला सगळं ठावं हायच म्हनून आमी निर्धास्त."

बाईंनी तिला खरं सांगितलंच नव्हतं. रोज हाक मारायची, रोज उत्तर यायचं नाही, आणि घरात माझी लाज झाकायची, असं त्यांनी त्रेचाळीस दिवस केलं होतं.

बाई आत खुर्चीत होत्या. निम्मा चेहरा ओघळलेला. शेजारच्या टेबलावर रेडिओ, आणि किल्ली एका फडक्यात गुंडाळून ठेवलेली. आज सकाळी हाक न मारताच त्यांनी ती गुंडाळली होती. नोंदवहीत डाव्या हाताच्या वाकड्या अक्षरांत तारखा होत्या, आणि प्रत्येक तारखेपुढे माझं सांकेतिक नाव आणि एक आडवी रेघ. उत्तर नाही मिळालं की आम्ही अशी रेघ मारतो.

"बाई," मी म्हणालो, "बाई, चुकलं माझं. मी ऐकलं नाही." आणि त्या दारातच मी रडलो.

बाईंनी डावा हात हलवून मला जवळ बसवलं. मग खुर्चीच्या हातावर बोटानं पाठवू लागल्या. टिचकी म्हणजे टिंब, बोट ओढलं की रेघ. मी कान देऊन ऐकलं. पहिल्या दोन लांब रेघा कळल्या, मग एक टिचकी, मग पुन्हा रेघ, आणि पुढं सगळं निसटलं. इतके दिवस पडदाच वाचत आलो होतो मी. पण त्या माझ्याकडे पाहत होत्या, आणि मला समजलं नाही हे त्यांना कळावं एवढी हिंमत मला झाली नाही. मी मान डोलावली.

बाईंनी पुन्हा तेच पाठवलं, आणखी सावकाश. मी पुन्हा मान डोलावली. तिसऱ्यांदा तर त्या इतक्या सावकाश गेल्या, की एकेका रेघेला बोट खुर्चीच्या हातावरून वीतभर सरकत होतं. मी हसून मान डोलावली. तेव्हा त्यांनी बोट उचललं, माझ्या हातावर थोपटलं आणि डोळे मिटले.

"उद्यापासून साडेसातला मी आहे, बाई," निघताना मी म्हणालो. "चाळण बंद करून."

दुसऱ्या दिवशी साडेसातला मी हेडफोन लावून बसलो. नुसती चरचर. तिसऱ्या दिवशीही तेच. पाचव्या दिवशी सुजाताचा फोन आला, की बाई पहाटे झोपेतच गेल्या.

"तुमी येऊन गेल्यापासनं यंत्राला हातच लावला न्हाई त्यांनी," ती म्हणाली. "मी फडकं सोडाय गेले, तर हातानंच नको म्हनल्या. लई शांत हुत्या पन."

चाळण जे टाकून देते ते साठ दिवस जपून ठेवते आणि मग पुसते. कुंपण क्रमांक सतराची पूर्ण नोंद मी वेळेवर उचलली. पहिल्या दिवशी बाईंची हाक माणसाच्या हातची असल्याची चाळणीला एकाहत्तर टक्के खात्री होती. एकाहत्तर. मी साठाला हात लावला नसता तर त्याच सकाळी घंटा वाजली असती.

चाळणीला तो थरथरता हात वाचता येत नव्हता, म्हणून मी कानानं वाचायला बसलो. मोर्स पुन्हा पहिल्यापासून शिकलो, बाईंच्याच हातून. दोन महिने लागले. रोज त्या आधी विचारायच्या, जागा मोकळी आहे का. ओस पडलेल्या त्या पट्ट्यात, रोज, शिस्तीत. मग माझं नाव. मग चार-दोन शब्द. जीभ गेली. हात डावा आहे, सांभाळून घे. सावरीला कळ्या आल्या. आज गवे दिसले. आणि मग तीन मिनिटं थांबायच्या, माझ्या उत्तरासाठी. ती तीन मिनिटंही नोंदीत आहेत.

नवव्या दिवशी काहीतरी वेगळं आलं. दोन लांब रेघा, एक टिंब, पुन्हा रेघ. माझ्या हातातली पेन्सिल थांबली. क्यू. आर. एस. आणि शेवटी प्रश्नचिन्ह.

हळू पाठवू का?

उत्तर येत नाही म्हणजे माझा हात याला लागत नसेल, असं त्यांनी धरलं होतं. त्या दिवसापासून त्या हळू होत गेल्या. आणि त्या जितक्या हळू झाल्या, तितकं चाळणीला ते जास्त कुंपण वाटू लागलं. एकाहत्तराचे अठ्ठावन्न, अठ्ठावन्नाचे चाळीस.

खुर्चीच्या हातावरही त्यांनी हेच विचारलं होतं. तीनदा. माझा चेहरा पाहून, मला वाचताच येत नाही हे त्यांना पहिल्यांदाच कळलं होतं, आणि तरी त्यांनी मला तीनदा संधी दिली. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की हो बाई, हळू पाठवा. मी मान डोलावत राहिलो. पुढचं त्या काय सांगणार होत्या, ते माझ्यामुळे कायमचं राहिलं.

मी समितीपुढं सगळं मांडलं. मोर्सची जागा राहिली. पण पंच्याऐंशीचा आकडा उतरवायला कुणी तयार नव्हतं, आणि त्यांचं चूक आहे असंही मला म्हणता येत नाही. इनामदार हळुवारपणे म्हणाले, "सगळ्यांना कुंपणं ऐकवून बाई परत येणार आहेत का?" मी म्हटलं, "माझ्या घरची तेवढी घंटा तीसवर आणा." त्यांनी आणली.

आता ती पुन्हा दिवसभर वाजते. नीलिमा काही बोलत नाही. फार तर स्वयंपाकघरातून म्हणते, "अहो, कुंपण असेल."

"हो, कुंपणच आहे," मी म्हणतो आणि हेडफोन लावतो. शिट्टी वेडीवाकडी तुटत असते. कुठंतरी ओलं गवत तारेला लागलेलं असतं. मी फडकं सोडून, सुजातानं मला दिलेली बाईंची किल्ली पुढं ओढतो, जागा मोकळी आहे का विचारतो आणि क्यू, आर, एस ही तीन अक्षरं पाठवतो. हळू पाठवा. मग पुरी तीन मिनिटं थांबतो. कुंपण आपल्याच चालीनं टकटकत राहतं.